पावड्यांवर चालणारी नाव

व्हिडिओ गेममधल्या चुका शोधणं हे माझं काम आहे, ही गोष्ट आईच्या गळी अजून उतरलेली नाही. पवनीतल्या आमच्या गल्लीत कुणी विचारलं की पोरगी काय करते, तर ती सांगते, "नागपूरच्या कंपनीत कंप्युटरवर हाय." आणि घरात येऊन मला ऐकवते, "लोकं आपल्या पोट्ट्यायले खेळू नका म्हणून ओरडतेत, अन् माही पोट्टी दिवसभर खेळते तरी तिले कोणी बोलत नाई!" मी आठवड्यातून दोनदा एस.टी.ने नागपूरला जाते. बाकीचे दिवस घरीच पलंगावर लॅपटॉप मांडून बसते. गेम लोकांपर्यंत पोचण्याआधी मी तो शंभर वेळा खेळते. गाडी भिंतीतून आरपार जाते का, एक बटण दाबलं की भलतंच काही घडतं का, हे बघते आणि ज्यांनी तो बनवला त्यांच्याशी भांडते. भांडण माझ्या अंगातच आहे. बाबांचं रक्त, दुसरं काय.

प्रत्येक गेमच्या सेटिंगमध्ये सुलभतेचं एक पान असतं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी पडद्यावर अक्षरं. ज्याला लाल आणि हिरवा सारखेच दिसतात त्याच्यासाठी वेगळे रंग. ज्याला एकाच हातानं खेळायचं आहे त्याच्यासाठी सगळी बटणं एका बाजूला आणायची सोय. हे पान तपासणं माझ्याच वाट्याला यायचं आणि खरं सांगते, मी त्याला काडीची किंमत देत नव्हते. सगळ्यात शेवटी, बसची वेळ झालेली असताना, मी तपासणीच्या यादीवर भराभर खुणा करत सुटायची. कोण मेलं उघडतं हे पान, असं मनात म्हणायची.

मग एका उन्हाळ्यात बाबांना लकवा मारला.

बाबा कोष्टी. चाळीस वर्षं त्यांनी कोशाच्या रेशमाची पातळं विणली. समोरच्या खोलीत आमचा माग आहे, खड्ड्याचा. जमिनीत कमरेइतका खड्डा, काठावर बसायला फळी, आणि पाय खाली सोडले की तळाशी दोन पावड्या. डावी पावडी दाबली की ताण्याचे, म्हणजे उभे ताणलेले, अर्धे धागे वर उचलले जातात, उजवी दाबली की उरलेले अर्धे. मधून उजव्या हातानं दोरी ओढून आडवा धागा नेणारा धोटा पळवायचा, डाव्या हातानं फणी ठोकायची. डावा पाय, धोटा, फणी. उजवा पाय, धोटा, फणी. या आवाजावर मी बाराखडी शिकले, या आवाजावर माझा ताप उतरला, आणि तो थांबला की शेजारची काकू भिंतीपलीकडून विचारायची, "काहून वो, जेवाले बसले का?"

लकव्यानं बाबांची उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, थोडा ओढत चालतात एवढंच. हात काही आला नाही. दोरी ओढणारा नेमका तोच हात. मागावर पातळ अर्धं विणलेलं होतं. आईनं त्यावर जुनी चादर टाकली आणि आवाज बंद झाला.

बाबांनी त्या हातावर आपला दुपट्टा टाकला. आमच्याकडे पुरुषांच्या खांद्यावर दुपट्टा असतोच, घाम पुसायला, डोक्याला बांधायला, बसायला. बाबांचा दुपट्टा खांद्यावरून उतरला तो उजव्या हातावर गेला. जेवताना, अंगणात बसताना, डॉक्टरांकडे जातानासुद्धा हात झाकलेला. ऊन असो की पाऊस. घरात मीही तो हात महिनोन् महिने पाहिला नव्हता.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, कोंढ्यापासून लाखांदुरापर्यंतचे सगेसोयरे येतात, दिवसा बाजार आणि मग नाटक. त्या वर्षी मंडईच्या दिवशी बाबा सकाळीच भिंतीकडे तोंड करून निजले. "झोपलो म्हणून सांगजो," एवढंच म्हणाले. पाहुणे काही दुधखुळे नव्हते. एकेक जण दारातून डोकावून परत फिरला. माझे भाऊजी, ताईचे यजमान, वरठीच्या पोलाद कारखान्यात कामाला आहेत आणि गडगडाटी हसणारे. तेसुद्धा त्या दिवशी ओसरीवर आवाज दाबून बोलले. पाहुणे गेल्यावर आई मला स्वयंपाकघरात म्हणाली, "माणूस घरात हाय, अन् घर कसं माणूस गेल्यावानी वाटून राहिलं."

तेव्हा मी ठरवलं की पुढच्या मंडईला बाबा लोकांत बसले पाहिजेत. कसं, ते मला माहीत नव्हतं. मला एकच काम येत होतं. म्हणून मी ज्या पानावर डोळे झाकून खुणा करत होते, ते पान उघडून बसले.

पहिला प्रयत्न साफ फसला. गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम घेतला, एका हाताची सेटिंग लावली, सगळी बटणं डाव्या हाताखाली आणली आणि लॅपटॉप बाबांपुढे ठेवला. बाबांनी विचारलं, "अन् हे उजवीकडचे बटन?"

"ते लागत नाही आता. मी सगळं डावीकडे आणलं ना."

"कायले?"

बाबांनी लॅपटॉप परत माझ्याकडे सरकवला. "तुह्या मशीनलेबी मालूम झालं का मी लुला हाय म्हणून? सोपं करून देल्लेलं खेळणं लेकरायले दे. मले नको."

मला राग आला. मी म्हटलं, इतक्या लोकांनी डोकं लावून ती सोय केली आहे आणि तुमचा तोरा काही जात नाही. ते म्हणाले, तोरा माझा आहे, माझ्याजवळ राहू दे. आई मध्ये पडली नसती तर ते भांडण शेजारच्या काकूपर्यंत गेलं असतं.

दुसऱ्या वेळी मी शहाणपणा केला. म्हटलं, हाताचा विषयच नको. पायांनी चालणारं काहीतरी करू. एक जुना माऊस उघडला, त्याच्या दोन बटणांना तारा जोडल्या आणि त्या तारा दारावरच्या घंटीच्या दोन बटणांपर्यंत नेल्या. घंटीची बटणं लाकडी पाटावर ठोकली. माझ्याच पायाखाली पहिली दोन्ही चेपली, म्हणून जुन्या स्लिपरचं रबर कापून वर चिकटवलं. आणि बाबांना म्हटलं, "खेळू नका. माझं काम आहे, चुका शोधायचं. माझ्याकडे माणूस नाही, जरा मदत करा."

मदत म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. पाट टेबलाखाली ठेवला. डावं बटण दाबलं की गाडी डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे, वेग तिचा तिनं घ्यायचा. याहून सोपं काय असणार? गाडी सुटली आणि बाबांनी डावा दाबला, लगेच उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा. गाडी प्यायल्यासारखी झोकांड्या खात गेली आणि पहिल्याच वळणावर शेतात पडली. परत सुरू केली, परत तेच. "बाबा, एकच दाबा! आता डावा दाबून धरा!" मी ओरडत होते. ते दाबून धरायचे, आणि दुसऱ्याच क्षणाला उजवा पाय आपोआप खाली यायचा. सातव्यांदा गाडी शेतात गेली तेव्हा ते उठले. मी म्हणाले, "लक्षच नाही तुमचं!" हे बोलायला नको होतं. त्यांनी दुपट्टा हातावर नीट ओढला आणि ते आत गेले. पंधरा दिवस आम्ही एकमेकांशी आईमार्फत बोललो.

माझी चूक मला एस.टी.त कळली. नागपूरहून येताना ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली होती. खिडकीबाहेर बघून बघून कंटाळले तेव्हा मी त्याच्या पायांकडे बघत बसले. उजव्या पायाचं काम वेगळं, डाव्याचं वेगळं. डावा कितीतरी वेळ नुसता पडून, उजवा एकटाच राबतोय. दोन पाय म्हणजे दोन स्वतंत्र नोकर. आणि माझ्या डोळ्यांपुढे बाबांचे पाय आले. मागावर एकच पाय दाबून बसलं तर काही विणलंच जात नाही. एक पाय खाली जातो तो दुसऱ्यानं वर यावं म्हणून. चाळीस वर्षं त्या पायांना एकच गोष्ट शिकवली होती आणि मी त्यांना एका दुपारी ड्रायव्हर करायला निघाले होते. वर लक्ष नाही म्हणून बोललेही. मला बसमध्येच रडू आलं. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली.

आमच्या ऑफिसात तेव्हा होड्यांच्या शर्यतीचा एक गेम चालू होता. दोन जण खेळतात, दोघांच्या दोन नावा, समोर लांब नदी. डावं वल्हं मारायला एक बटण, उजवं मारायला दुसरं. आळीपाळीनं. नुसता वेग कामाचा नाही. वल्ह्यांमधलं अंतर सारखं राहिलं तर नाव सरळ कापत जाते, गडबड केली की डोलते आणि वेग मरतो. मी हा गेम महिनाभर तपासत होते आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता! डावा, उजवा, डावा, उजवा. हा तर सरळ सरळ माग होता.

पण त्या गेममध्ये बाहेरची बटणं जोडायची सोय नव्हती. मी बैठकीत विषय काढला. बनवणाऱ्यांपैकी एकानं विचारलं, "असं पायानं खेळणारे किती लोक असणार?"

मी म्हटलं, "एक. तो माझ्या घरी आहे."

सगळे हसले, मी नाही हसले. मग मी त्यांना बाबांबद्दल सांगितलं. मागाबद्दल, पावड्यांबद्दल, शेतात गेलेल्या गाडीबद्दल. त्यानंतर तीन आठवडे मी त्या माणसाच्या मागे हात धुऊन लागले. चहाच्या टपरीवरसुद्धा सोडलं नाही. शेवटी त्यानं सोय करून दिली: कुठलीही दोन बटणं, कुठेही ठेवलेली, हातानं, पायानं, कोपरानं, कशानंही दाबा. सुलभतेच्या पानावर त्याची एक ओळ आली. ती ओळ मराठीत कशी लिहायची ते मी ठरवलं.

आता प्रश्न होता बाबांचा. पाट आणि टेबल या वेळी नको होतं. त्यांचे पाय जिथे शहाणे होते तिथेच त्यांना न्यायचं होतं. मी मागाच्या खोलीत टी.व्ही. आणून लावला, खड्ड्यात उतरून दोन्ही पावड्यांखाली घंटीची बटणं बसवली, आणि बाबांना हाक मारली. ते दारात आले, बघितलं, आणि तिथूनच म्हणाले, "नाई."

"बाबा, एकदा बसून तर बघा."

"रिकामी पावडी हाणत नाई."

हे मी विसरलेच होते. लहानपणी मी खड्ड्यात उतरून पावड्यांवर नाचायची तेव्हा आजोबा धावून यायचे. धोटा न टाकता पावडी दाबायची नाही, ताणा उगाच उघडायचा-मिटायचा नाही, घराला चांगलं नसतं. रिकामा पाळणा हलवत नाहीत ना, तसंच. आणि अर्धं पातळ अजून मागावर होतं. पावडी दाबली असती तर चादरीखाली धागे वर-खाली झाले असते आणि त्यांच्यामधून धोटा गेला नसता. मी म्हणाले, "ठीक आहे, मी काढते बटणं." या वेळी मला राग नाही आला.

बाबांनी दारातूनच मागावरच्या चादरीकडे पाहिलं. मग पाय ओढत आले, फळीवर बसले आणि खड्ड्यात वाकले. पावड्यांना वरून दोऱ्या बांधलेल्या असतात, त्याच ताण्याचे धागे उचलतात. बाबांनी डाव्या हातानं पहिली गाठ चाचपली. मी पुढे झाले तर म्हणाले, "राहू दे. म्याच बांधल्या, म्याच सोडतो." एका हातानं त्या गाठी सुटायला फार वेळ लागला. दातांनी दोर धरून दुसरी सोडली. चादरीखालचा ताणा जरासा सैलावला आणि स्थिर झाला. दोन्ही दोऱ्या त्यांनी वर खुंटीला अडकवल्या. "हं," ते म्हणाले, "आता थ्या निऱ्या लाकडाच्या फळ्या हायेत. सांग, काय करू."

त्या गाठी सोडणं म्हणजे काय होतं हे आम्हा दोघांनाही कळत होतं. ते अर्धं पातळ आता बाबांच्या हातून पुरं होणार नव्हतं. आई ओसरीवर तांदूळ निवडत होती, तिचं सूप थांबलं होतं.

मी गेम सुरू केला. "डावा दाबला की डावं वल्हं. बस, आणखी काही नाही." बाबांनी डावा दाबला. उजवा दाबला. पडद्यावर नाव हलली, नदीचं पाणी मागे गेलं. डावा. उजवा. काही वेळ त्यांचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा होता. मग तो सैल झाला, डोळे पडद्यावरून उठले आणि कुठेतरी भिंतीकडे गेले, विणताना जायचे तसे. पाय आपले चालूच. खालून पावड्यांचा लाकडी आवाज येत होता, सव्वा वर्षानं. भिंतीपलीकडून काकूची हाक आली, "अवं बाई! माग सुरू झाला का?"

"नाव सुरू झाली!" आई इकडून ओरडली आणि पदरानं डोळे पुसले.

त्यानंतर बाबा रोज दुपारी खड्ड्यात उतरू लागले. मला मदत म्हणून, असं ते सांगायचे. आणि मदत त्यांनी खरंच केली. आठेक दिवसांनी म्हणाले, "तुही नाव डावीकडे कलते."

"कलत नाही. मी तपासली आहे."

"तू तुह्या बोटानं तपासली असशीन. माह्यानं कलते. माहा उजवा पाय जरासा मांगून येते. थो येतेच, पण मांगून येते. तुह्या नावेले म्हणा, उजव्यासाठी जरा थांबत जा."

ज्या माणसानं सोपं करून दिलेलं खेळणं माझ्यापुढे सरकवून दिलं होतं, तो स्वतःहून, कपाळावर आठीसुद्धा न आणता सांगत होता की माझा पाय मागून येतो, त्याची सोय कर. मी तसं बोलून दाखवलं, कारण तोंड आवरणं मला जमत नाही. म्हटलं, "आता नाही वाटत लाज?"

"लाज कायची?" बाबांनी खुंटीवरच्या दोऱ्यांकडे हनुवटीनं खुणावलं. "हा माग माह्या बापाचा. थो उंच माणूस. त्याच्या पावड्या मले पुरत नोहोत्या, तं म्या चार बोटं वर बांधल्या. माह्या पायाले जमन तसा माग बांधाव लागते. थे का लबाडी होय?"

मी तो मजकूर त्याच दिवशी ऑफिसला कळवला. पावड्यांची गोष्ट जशीच्या तशी लिहिली. या वेळी कुणी हसलं नाही. डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळी सवड देता येईल अशी सोय गेममध्ये आली. आज तो गेम जिथे कुठे चालत असेल तिथे ती आहे. कुणाचा अंगठा आखडलेला असेल, कुणाची बोटं थरथरत असतील, त्यांना ठाऊक नाही की ही सवड पवनीतल्या एका कोष्ट्यानं मागून घेतली. मला ठाऊक आहे, आणि मी हे ज्याला-त्याला सांगत फिरते. आई म्हणते, किती मिरवशील! मी मिरवणारच.

यंदाची मंडई आली. ताई आणि भाऊजी वरठीहून मोटारसायकलवर सकाळीच पोचले. बाबा निजले नाहीत, एवढं मी बघून घेतलं. पण ते मागाच्या खोलीतच बसून राहिले, हातावर दुपट्टा, दार अर्धं लोटलेलं. जेवणं झाली. पाहुणे ओसरीवर पानं लावत बसले. ही दुपार गेली असती तर आणखी एक वर्ष गेलं असतं. मग मी कळ लावली. भाऊजी मोबाइलवर गेम खेळत होते, त्यांना म्हटलं, "भाऊजी, एवढे खेळाडू आहात तर आमच्या घरातल्या माणसाला हरवून दाखवा."

"कोणाले, तुमाले?"

"बाबांना."

भाऊजींचं गडगडाटी हसू ऐकून सगळी ओसरी उठून मागाच्या खोलीत आली. ताई, दोन मामा, कोंढ्याची आत्या, भिंतीपलीकडची काकू. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर पळाली असती. पण पाहुणे समोर उभे, आणि जावयानं आव्हान दिलेलं. बाबा खड्ड्यात उतरले. भाऊजी काठावर खुर्ची टाकून बसले, हातात मी ऑफिसातून आणलेला कंट्रोलर.

पहिल्या शर्यतीत भाऊजींनी अंगठे असे काही आपटले की नाव फेर धरून नाचली. बाबांचा पाय एकदाही चुकला नाही. दुसऱ्या शर्यतीत भाऊजी सावध झाले, अर्ध्या नदीपर्यंत पुढे होते, मग अंगठे थकले आणि बाबांची नाव त्यांच्या शेजारून निघून गेली, शांतपणे, घाई नसल्यासारखी. मामा टाळ्या पिटू लागले. तिसरी शर्यत बाबा इतक्या अंतरानं जिंकले की पलीकडच्या काठाला लागून भाऊजींची वाट बघत बसले.

भाऊजी घाम पुसत हसले आणि सासऱ्यांना बोलून गेले, "मामाजी, तुमाले साळीबाईनं सेटिंग लावून देल्ली ना. सोपं करून ठेवलं, मंग तं जितसानच!"

ते मनानं वाईट नाहीत, चेष्टेत बोलले. पण ताईनं त्यांच्याकडे डोळे वटारले. आत्या उगीच चादर नीट करू लागली. मला माहीत होतं, आता बाबा उठतील, आत जातील, तोंड भिंतीकडे करतील. मी तोंड उघडलं, भांडायलाच. तेवढ्यात बाबा बोलले.

"बरोबर बोलले जवाईबापू. सेटिंग हाय." मग पावड्यांकडे बघून म्हणाले, "माग बी आपल्या पायाच्या मापानं बांधाव लागते. या, तुमीबी या. इथं बसा. सेटिंग तेच ठेवू, बिलकुल हात लावत नाई. माह्यापेक्षा सोपं जाईन तुमाले, तुमचे तं दोनी पाय धडधाकट हायेत."

ते फळीच्या कडेला सरकले. मग त्यांनी डाव्या हातानं उजव्या हातावरचा दुपट्टा उचलला, झटकला आणि फळीवर भाऊजींसाठी पसरला. "बसा. फळी टोचते, सवय नसली की."

उजवा हात उघडा पडला. बोटं आत वळलेली, मनगट बारीक झालेलं. बाबांनी तो मांडीवर होता तसा राहू दिला.

भाऊजी खड्ड्यात उतरले. पहिल्याच पावडीला दोन्ही पाय एकदम खाली गेले. मग डावा तीनदा, उजवा एकदा. नाव जागच्या जागी गिरक्या घेऊ लागली. आधी ताई हसली, मग मामा, मग खुद्द भाऊजी इतके हसले की त्यांना पावडी दाबता येईना. "अवो मामाजी, हे तं पायच आयकून नाई राहिले!"

"आयकतेत, आयकतेत. पयले एक वर येऊ द्या, मंग दुसरा सोडा." बाबांनी डाव्या हातानं मागाच्या खांबावर ठेका धरला. "हं. डावा. थांबा. उजवा. कायले घाई करता? डावा." मला लहानपणचे दिवस आठवले, आमच्याकडे शिकायला येणाऱ्या नव्या कारागिरांना ते असेच शिकवायचे, याच आवाजात. तो आवाज मी दीड वर्ष ऐकला नव्हता. नाव सरळ झाली. थोडी पुढे गेली. भाऊजी घामाघूम होऊन पलीकडच्या काठाला लागले तेव्हा बाबा म्हणाले, "अजून दहा वरसं लागतीन, पण जमन."

नोकरी लागली तेव्हा नाही, गेममध्ये मी लिहिलेली ओळ पहिल्यांदा पाहिली तेव्हाही नाही, पण त्या दुपारी मला वाटलं की साऱ्या पवनीला बोलवावं आणि दाखवावं, हे बघा, हे माझे बाबा.

ऊन उतरल्यावर पाहुणे मंडईला निघाले. चपला शोधण्याचा गोंधळ चालला होता. बाबा खड्ड्यातून उठले आणि पाय ओढत अंगणात आले. "थांबा जरा," म्हणाले, "मीबी येतो."

आई धावत आत गेली आणि फळीवरचा दुपट्टा घेऊन आली. सवयीनं ती तो त्यांच्या उजव्या हातावर टाकायला गेली. बाबांनी डाव्या हातानं तो तिच्याकडून घेतला, झटकला, आणि खांद्यावर टाकला.